वीथिका, दालन आणि वगळलेली आकृती : रायपूरमधील चित्रप्रदर्शनांच्या उद्घाटनांचे तौलनिक वाचन

१

चित्रप्रदर्शनाचे उद्घाटन हा विषय कलासमीक्षेने आजवर निव्वळ समारंभ म्हणून बाजूला ठेवला आहे, आणि साहित्याभ्यासाने तो आपल्या कक्षेतला मानलेला नाही. उद्घाटनाच्या गर्दीत चित्रे नीट दिसत नाहीत, म्हणून जाणकार समीक्षक दुसऱ्या दिवशी निवांतपणे दालनात जातो. त्याची ही रीत चित्रांच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु त्या पहिल्या संध्याकाळी जे घडते ते प्रामुख्याने भाषेत घडते, ही गोष्ट त्यामुळे नजरेआड होते. निमंत्रणपत्रिका, स्वागतपर भाषण, प्रमुख पाहुण्यांचे विवेचन, चित्राशेजारची नावाची चिठ्ठी, सूचिपत्रातील परिचय, अभिप्रायवहीतील नोंदी आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील बातमी या सर्व संहिताच होत. चित्र सार्वजनिक होते ते या संहितांमधून वाट काढत.

फ्रेंच अभ्यासक जेरार झनेत यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मलपृष्ठावरील मजकूर अशा घटकांचा विचार ‘उंबरठा’ या रूपकाच्या आधारे केला आहे. हे घटक संहितेच्या पूर्णपणे आत नसतात आणि पूर्णपणे बाहेरही नसतात; वाचक त्यांच्यावर पाऊल ठेवूनच आत येतो. या घटकांना आपण ‘परिसंहिता’ म्हणू. उद्घाटन ही चित्राची बोलकी परिसंहिता होय, हे प्रस्तुत लेखाचे गृहीतक आहे. रायपूरमधील प्रदर्शनांच्या उद्घाटनांना वेळोवेळी उपस्थित राहताना या परिसंहितेची जी वैशिष्ट्ये जाणवली, त्यांचा विचार येथे तौलनिक दृष्टीने करावयाचा आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे : उद्घाटन म्हणजे दाखविण्याची कृती, हे आपण धरून चालतो, परंतु दाखविण्याच्या प्रत्येक कृतीत काही ओलांडून पुढे जाण्याची कृतीही अनुस्यूत असते. काय ओलांडले गेले हे विचारणे, हे समीक्षेचे पहिले काम आहे.

रायपूरची निवड केवळ सोयीची नाही. मुंबई-दिल्लीतील उद्घाटनांवर कलाबाजाराची छाया इतकी गडद असते की तेथे सारी चर्चा अखेर किमतीपाशी येऊन ठेपते. रायपूरमध्ये तसा बाजार जवळजवळ नाही, त्यामुळे उद्घाटनाचा वाङ्मयीन आणि सामाजिक सांगाडा तेथे अधिक उघडा दिसतो. शिवाय ज्या प्रदेशाची ही राजधानी आहे, त्या प्रदेशाची दृश्यकला शतकानुशतके भिंतीवर, मातीत आणि धातूत घडत आली आहे, आणि तिला ‘उद्घाटन’ ही कल्पना ठाऊकच नव्हती. या दोन गोष्टी रायपूरच्या दालनात समोरासमोर येतात.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीत आपण ‘कलादालन’ म्हणतो, हिंदीत ‘कला वीथिका’ किंवा ‘दीर्घा’ म्हणतात. ‘दालन’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मराठी वाड्यातले दालन म्हणजे आतली प्रशस्त खोली. तोच शब्द हिंदीत ‘दालान’ होतो तेव्हा त्याचा अर्थ ओसरीच्या, पडवीच्या जवळ जातो. ‘वीथी’ अथवा ‘वीथिका’ म्हणजे रांग, वाट, गल्ली. नाट्यशास्त्रात रूपकाच्या दहा प्रकारांपैकी एकाचे नावही ‘वीथी’ असेच आहे. म्हणजे एका शब्दात थांबण्याची जागा सूचित होते, तर दुसऱ्यात चालत जाण्याची. इंग्रजीतून आलेल्या ‘गॅलरी’ला तर मराठी माणसाने चाळीच्या बाहेरच्या बाजूला नेऊन बसवले, आपल्या बोलण्यातली गॅलरी ही चित्रे पाहण्याची जागा नसून रस्ता पाहण्याची जागा आहे. या तीन शब्दांतून पाहणाऱ्याच्या तीन स्थिती व्यक्त होतात : आत बसलेला, ओळीने चालणारा आणि बाहेर डोकावणारा.

समारंभाच्या नावांतही असाच भेद आहे. फ्रेंचमधील ‘वेर्निसाज’ या शब्दाचा मूळ अर्थ वार्निश लावणे. प्रदर्शन खुले होण्यापूर्वी चित्रकारांनी भिंतीवर टांगलेल्या चित्रांवर शेवटचा हात फिरवावा, वार्निश द्यावे, असा तो दिवस. लंडनच्या रॉयल अकॅडमीने १८०९ मध्ये आपल्या सभासदांना अशा दिवसांची अधिकृत मुभा दिली. १८३२ च्या प्रदर्शनात टर्नरचे शांत करड्या समुद्राचे चित्र कॉन्स्टेबलच्या लालभडक, झगमगत्या चित्राशेजारी लागले होते. टर्नरने अशाच एका दिवशी येऊन आपल्या समुद्रावर लाल रंगाचा एक ठिपका ठेवला आणि मागाहून त्याला तरंगत्या बोयाचा आकार दिला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. कॉन्स्टेबलच्या त्या चित्राचा विषय वॉटर्लू पुलाचे उद्घाटन हा होता, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. उद्घाटनाच्या राजेशाही देखाव्याला शेजारच्या चित्रातील एका ठिपक्याने उत्तर दिले, आणि ते उत्तर चित्रकाराच्या हातून आले. ‘वेर्निसाज’ या शब्दात निर्मात्याचा हात अजून शिल्लक आहे. पुढे त्या दिवसाला प्रतिष्ठितांच्या भेटीचे रूप आले. एमिल झोला यांच्या १८८६ च्या कादंबरीत पॅरिसमधील प्रदर्शनांच्या गर्दीचे जे वर्णन आहे, त्यात चित्रकार स्वतःच्या चित्रापुढे जमलेल्या लोकांचे हसणे ऐकत उभा राहतो. हात मागे पडला आणि कान उरला.

मराठी-हिंदीतील ‘उद्घाटन’ या शब्दात हात आहे, पण तो पाहुण्याचा. उघडण्याची क्रिया फीत कापणारा करतो. आपल्याच परंपरेत याला पर्याय होता. मूर्तिविधानातील नेत्रोन्मीलनाचा संस्कार शिल्पीच्या हातून होतो. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी हे सर्वांत नाजूक काम मानले जाते आणि ते मुरलेल्या कारागिराकडेच सोपवले जाते. प्राणप्रतिष्ठा करणारे भटजी नंतर येतात. राजस्थानातील फडचित्रातही डोळे रेखाटले जाणे हाच चित्र ‘जागे’ होण्याचा क्षण समजला जातो. या सर्व ठिकाणी ‘उघडणे’ ही निर्मितीप्रक्रियेची अखेरची पायरी आहे. दालनात ती निर्मितीनंतरची आणि निर्मात्याबाहेरची गोष्ट झाली. आधुनिक प्रदर्शनसंस्थेने घडवलेला हा बदल नुसत्या शिष्टाचाराचा नाही. चित्राचा अर्थ प्रथम कोणी उच्चारावयाचा, याचा अधिकार त्यातून एका हातातून दुसऱ्या हाती गेला.

३

भारतीय साहित्यात चित्रवीथिका पाहण्याचा सर्वांत अर्थगर्भ प्रसंग भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात आहे. भवभूती स्वतःला विदर्भातील पद्मपूरचा म्हणवतो. वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे गाव असे निश्चित केले. नागपूर-रायपूर लोहमार्गावर आमगाव सोडले की थोड्याच वेळात छत्तीसगढची हद्द लागते. रायपूरच्या वीथिकेचा विचार करताना भवभूतीची आठवण होणे त्यामुळे भूगोलालाही धरून आहे.

जनक मिथिलेस परत गेल्याने खिन्न झालेल्या सीतेचे मन रमावे, म्हणून लक्ष्मण राम-सीतेला चित्रे पाहण्यास बोलावतो. चित्रांचा विषय आहे रामाचेच चरित्र, सीतेच्या अग्निशुद्धीपर्यंतचे. चित्रकाराचा उल्लेख एका वाक्यापुरता येतो. तो स्वतः रंगमंचावर येत नाही. चित्रे समजावून सांगण्याचे काम लक्ष्मण करतो. म्हणजे उद्घाटनसमारंभाची सारी पात्रे येथे हजर आहेत : सन्माननीय प्रेक्षक, मार्गदर्शक आणि गैरहजर निर्माता.

या प्रसंगाची खरी शक्ती जे गाळले जाते त्यात आहे. विवाहाच्या चित्रात लक्ष्मण सीता, मांडवी आणि श्रुतकीर्ती यांना ओळखून दाखवतो. ऊर्मिलेपाशी मात्र तो थबकतो आणि तिला वगळतो. सीता खट्याळपणे नेमक्या त्याच आकृतीकडे बोट दाखवून ही आणखी एक कोण, असे विचारते. लक्ष्मण लाजतो आणि विषय बदलतो. परशुरामाच्या चित्रापाशी राम स्वतःची स्तुती होऊ देत नाही. मंथरेचे चित्र येते तेव्हा राम उत्तर न देता पुढच्या चित्राकडे वळतो, आणि कैकेयीचा प्रसंग त्याने टाळला हे लक्ष्मणाच्या ध्यानात येते. एकाच वीथिकेत तीन प्रकारचे वगळणे भवभूतीने दाखवले आहे : संकोचाने केलेले, विनयाने केलेले आणि कुटुंबाची अब्रू राखण्यासाठी केलेले. चौथे त्याहून गंभीर आहे. चित्रमाला अग्निशुद्धीपाशी संपते. नगरातली कुजबुज तिच्यात नाही. वीथिकेबाहेर राहिलेली ती कुजबुजच थोड्या वेळाने दुर्मुखाच्या तोंडून आत येते आणि पुढील सारे नाटक घडवते.

पाहण्याचे परिणामही भवभूतीला ठाऊक आहेत. शूर्पणखेचे चित्र पाहून सीता भयभीत होते आणि हे केवळ चित्र आहे असे रामाला सांगावे लागते. चित्रे पाहूनच तिला पुन्हा वनात जाण्याचे डोहाळे लागतात आणि त्याच इच्छेचा आधार घेऊन तिला वनात सोडले जाते. येथे चित्रदर्शन हे निरुपद्रवी रंजन नाही. मनोरंजनासाठी योजलेला समारंभ पाहणाऱ्यांचे आयुष्य बदलून टाकतो. आधुनिक उद्घाटनात नेमकी हीच शक्यता अत्यंत काटेकोरपणे दूर ठेवली जाते.

४

आता रायपूरकडे वळू. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ साली येथे संग्रहालय स्थापन केले. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘अजब बंगला’, १८६३ सालचे. दोन्ही शहरे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती आणि त्यांची संग्रहालये एकाच वासाहतिक ज्ञानव्यवहाराची अपत्ये आहेत. रायपूरच्या संग्रहालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. जुन्या अष्टकोनी इमारतीत पुढे महाकोशल कला वीथिका आली. शहरातील कित्येक चित्रकारांची पहिली प्रदर्शने या वीथिकेत किंवा संग्रहालयाच्या आवारातील दालनात झाली आहेत. ‘महाकोशल’ हे नावही विचार करण्याजोगे आहे. ते जुन्या मध्य प्रांतातील हिंदीभाषक भागाचे नाव. वऱ्हाड आणि नागपूर वेगळे झाल्यावर, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाल्यावरही, ते वीथिकेच्या दारावर राहिले. स्थळांची नावे राज्यांपेक्षा अधिक टिकतात, याचे हे एक उदाहरण.

नव्या राज्याने स्वतःच्या दृश्य ओळखीसाठी नव्या जागा उभारल्या. पुरखौती मुक्तांगणचे उद्घाटन २००६ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. नवा रायपूर येथील शहीद वीर नारायण सिंह स्मारक व आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचे संग्रहालय १ नोव्हेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते खुले झाले. या मोठ्या उद्घाटनांचा साचा छोट्या दालनांनीही उचलला आहे. एखाद्या तरुण चित्रकाराच्या प्रदर्शनातही क्रम बहुधा ठरलेला असतो : दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे स्वागत, परिचय, प्रमुख पाहुण्यांचे आणि अध्यक्षांचे भाषण, स्मृतिचिन्हांचे वितरण, आभारप्रदर्शन, आणि मग फीत कापून अवलोकन. शासकीय कार्यक्रम असल्यास प्रारंभी ‘अरपा पैरी के धार’ हे २०१९ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारलेले गीतही होते. चित्रे या क्रमात सर्वांत शेवटी येतात.

या समारंभाची भाषा तीन थरांची असते. मंचावरची हिंदी संस्कृतप्रचुर आणि प्रशासकीय वळणाची. सूचिपत्र असल्यास त्यातील इंग्रजी ही महानगरी कलासमीक्षेची उसनवारी. आणि दारापाशी, चहाच्या पेल्यांभोवती ऐकू येणारी छत्तीसगढी. चित्रांविषयीची नेमकी विधाने, म्हणजे हा रंग असा का, हे झाड कोणते, ही बाई काय करते आहे, अशा स्वरूपाची, या तिसऱ्या थरात अधिक आढळतात. त्यांची नोंद मात्र कोठेही होत नाही. ज्याची नोंद होते ती अभिप्रायवही हा स्वतंत्र लेखनप्रकार म्हणून अभ्यासण्याजोगा आहे. तिच्यातील बहुतेक मजकूर चित्राविषयी नसून चित्रकाराच्या उज्ज्वल भवितव्याविषयी असतो. संस्कृत नाटकाच्या शेवटी भरतवाक्य यावे, तसा आशीर्वाद येतो आणि विषय संपतो. टीकेचे एक वाक्यही नसलेली अभिप्रायवही म्हणजे चित्र कोणी पाहिले नसल्याचाच पुरावा, असे म्हटले तर ते कठोर वाटेल. परंतु वहीची पाने चाळल्यावर त्याहून सौम्य निष्कर्ष काढणे अवघड जाते.

तरीही या साच्याची सरसकट टवाळी करणे न्याय्य नव्हे. मुंबईच्या काळा घोडा परिसरातील उद्घाटनास चित्रकार, संग्राहक आणि कलाविद्यार्थी येतात. आपापसांत ओळख असलेल्यांचा तो वर्ग असतो. रायपूरमध्ये चित्रकाराचे शाळेतले शिक्षक, शेजारी, कार्यालयातील सहकारी आणि आईवडील येतात. त्यांपैकी अनेकांचे पाऊल एरवी दालनात पडले नसते. फ्रान्समधील संग्रहालयांच्या प्रेक्षकवर्गाविषयी पिएर बोर्द्यू आणि अलँ दार्बेल यांनी १९६६ साली दाखवून दिले की दार खुले असले तरी आत येण्याचा आत्मविश्वास शिक्षणाने आणि घरच्या संस्कारांनी वाटून दिलेला असतो. रायपूरच्या समारंभातील दिवा, हार आणि मंच ही सर्वांच्या ओळखीची चिन्हे हा संकोच काही अंशी कमी करतात. लग्नाच्या किंवा सत्काराच्या प्रसंगी कसे वागावे हे ज्याला कळते, त्याला येथेही कळते. इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाची १९५६ मध्ये खैरागढ येथे स्थापना झाल्यापासून या भागात चित्र-शिल्पाचे औपचारिक शिक्षण घेणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या. त्यांच्यासाठी रायपूरचे दालन हे पहिले सार्वजनिक स्थान असते आणि तो मंच त्यांना घरच्यांच्या दृष्टीने ‘चित्रकार’ बनवतो. समारंभाची ही बाजू नाकारून चालणार नाही.

परंतु याच समारंभात एक क्षण असा येतो की ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. प्रमुख पाहुण्यांना स्मृतिचिन्ह दिले जाते. ते पुष्कळदा बस्तरच्या ओतीव धातुकामाचे असते : हत्ती, दिवा धरलेली आकृती, किंवा वाजंत्री. मेणाच्या तारांनी आकृती घडवून, तिच्यावर मातीचे लेप देऊन, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतण्याची ही पद्धत आहे. साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक वस्तू एकमेव असते. बस्तरचे घडवा आणि रायगढकडचे झारा हे काम पिढ्यान्पिढ्या करत आले आहेत. भिंतीवर टांगलेल्या चित्राखाली कोपऱ्यात सही असते, शेजारी नावाची चिठ्ठी असते. स्मृतिचिन्हाच्या पायाशी पितळी पट्टीवर आयोजक संस्थेचे नाव आणि दिनांक असतो. ज्याने ते घडवले त्याचे नाव बहुधा कोठेच नसते. एका निर्मात्याचे नाव जाहीर करण्यासाठी भरलेल्या सभेत दुसऱ्या निर्मात्याची कृती निनावी हस्तांतरित होते. कोंडागावचे जयदेव बघेल यांच्यासारख्या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त कलावंताने या माध्यमाला स्वतःचे नाव मिळवून दिले, तरी स्मृतिचिन्हाच्या व्यवहारात ही कला ‘राज्याची ओळख’ म्हणूनच येते, कोणा एकाची कृती म्हणून नाही. ऊर्मिला मंचावरच उभी आहे आणि तिच्याकडे बोट दाखवणारी सीता सभेत नाही.

५

नाव देणे हा उद्घाटनाचा गाभा आहे असे मान्य केले, तर नाव मिळाल्याने काय होते हेही पाहिले पाहिजे. भोपाळच्या भारत भवनाची स्थापना १९८२ सालची. जगदीश स्वामिनाथन यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील रूपंकर संग्रहालयाने नागर आणि आदिवासी कलावंतांना एकाच छताखाली, ‘समकालीन’ या एकाच विशेषणाखाली मांडले. छत्तीसगढ तेव्हा मध्य प्रदेशातच होते, त्यामुळे हा इतिहास रायपूरचाही आहे.

पाटनगढचे जनगढ सिंह श्याम हे परधान, म्हणजे गोंडांचे गाथागायक. जनगणनेच्या सुमारास जन्म झाला म्हणून त्यांचे नाव जनगढ पडले, असे सांगितले जाते. गाण्यात आणि बाना या वाद्यात वसलेली देवतासृष्टी त्यांनी कागदावर आणली. १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘पृथ्वीचे जादूगार’ या आशयाच्या नावाच्या महाप्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. त्याच प्रदर्शनात आपल्या डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे हेही होते. मशे यांची चित्रे भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराच्या प्रयत्नांतून पुढे आली आणि १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड दालनात लागली. लग्नातला चौक लिहिणे हे वारल्यांमध्ये सवाशिणींचे काम, आणि त्याला अर्थ येतो तो धवलेरीच्या गाण्याने. भिंतीवरून कागदावर येताना गाणे गळाले आणि पुरुषाचे एकेरी नाव आले. मशे यांच्या प्रतिभेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण चौक लिहिणाऱ्या स्त्रिया या स्थलांतरात कोठे गेल्या, हा प्रश्न उद्घाटनाच्या कोणत्याही भाषणात येत नाही. जनगढ यांचा शेवट तर आपल्याला अस्वस्थ करणारा आहे. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयात निवासी कलावंत म्हणून राहत असताना त्यांनी आत्महत्या केली. जगभरच्या भिंतींवर नाव लागल्याने कलावंत सुरक्षित होत नाही. नाव देणारी संस्था त्या नावाची जबाबदारी किती घेते, हा प्रश्न त्या मृत्यूने कायमचा उभा केला आहे.

याच्या अगदी उलट टोकाला सरगुजातील पुहपुत्रा गावच्या सोनाबाई रजवार आहेत. लग्नानंतर सुमारे पंधरा वर्षे पतीने त्यांना घराच्या चौकटीत जवळजवळ कोंडून ठेवले होते. त्या काळात त्यांनी माती आणि बांबूच्या कामट्या घेऊन लहान मुलासाठी खेळणी केली, मग भिंतींवर माणसे, पाखरे, माकडे बसवली, आणि वारा व उजेड खेळता ठेवणाऱ्या जाळ्या रचल्या. त्यांना ना प्रेक्षक होता ना उद्घाटक. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी भारत भवनाचे लोक त्यांच्या घरी पोहोचले. पुढे सन्मान आले, परदेशात प्रदर्शने झाली. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. उद्घाटनाशिवाय कला असते काय, या प्रश्नाचे सोनाबाईंचे घर हे निःसंदिग्ध उत्तर आहे. तथापि तेवढ्यावरून एकांताचा गौरव करणे ही क्रूर रसिकता ठरेल. त्या जाळ्या कैदेत केलेल्या आहेत. त्यांना उजेडात आणणाऱ्यांचे ऋण मान्य करूनच, दालनात नेलेल्या जाळीतून आता वारा वाहत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

या दोहोंच्या मधली एक वाट बस्तरमध्ये दिसते. मुंबईच्या चित्रकर्त्री नवज्योत अल्ताफ यांनी १९९७ पासून कोंडागाव येथे राजकुमार कोर्राम, शांतीबाई आणि गेस्सूराम विश्वकर्मा या कलावंतांबरोबर काम केले. त्यांतील ‘नळपार’ म्हणजे हातपंपांच्या जागांची कलात्मक पुनर्रचना, आणि ‘पिला गुडी’ म्हणजे मुलांसाठीची देवळे. येथे कृतीवर एकाहून अधिक नावे आहेत, आणि पाणी भरण्यास येणाऱ्या बाईला ती वापरण्यासाठी फीत कापली जाण्याची वाट पाहावी लागत नाही. महानगरातून आलेल्या कलावंताचे नाव त्यातही अधिक ठळक होते, ही टीका रास्त आहे. तरी नावांची यादी जेथे वाढली तेथे कृतीचा अर्थही बदलला, एवढे त्यातून सिद्ध होते.

६

साहित्याने या प्रश्नाकडे कसे पाहावे यासाठी दोन मराठी घरांतल्या लेखकांची साक्ष काढता येईल. गजानन माधव मुक्तिबोध यांचे घर मराठी आणि लेखन हिंदी. १९५८ पासून १९६४ च्या अखेरच्या आजारापर्यंत ते रायपूरपासून फार दूर नसलेल्या राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत. ‘एक साहित्यिक की डायरी’ या पुस्तकात त्यांनी कलेचे तीन क्षण कल्पिले आहेत : जीवनातील उत्कट अनुभवाचा क्षण, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून कल्पचित्र होण्याचा क्षण, आणि त्या कल्पचित्राला शब्दरूप मिळत जाण्याचा क्षण. तिसऱ्या क्षणी भाषा ही निष्क्रिय वाहक राहत नाही. समाजाने तिच्यात साठवलेले अर्थ कल्पचित्राला वळण देतात. हा विचार चित्राला लावला तर उद्घाटन हा त्याचा चौथा क्षण ठरतो. चित्राला तेथे प्रथमच सार्वजनिक शब्द मिळतात, आणि ते शब्द चित्रकाराचे नसतात. शब्द दरिद्री असतील तर चित्रही काही काळ दरिद्री होते. म्हणून उद्घाटनाच्या भाषेचा प्रश्न हा शिष्टाचाराचा नसून वाङ्मयीन आहे.

दुसरी साक्ष अरुण कोलटकर यांची. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या या कवीचा काळा घोडा परिसरावरील इंग्रजी संग्रह २००४ मध्ये, त्यांच्या निधनाच्या थोडेच आधी, प्रसिद्ध झाला. जहांगीर कलादालन ज्या चौकाच्या बाजूला १९५२ पासून उभे आहे, त्याच चौकात हा कवी उपाहारगृहाच्या खिडकीशी बसून पदपथावर राहणाऱ्यांकडे पाहतो. कलादालन जवळ असताना त्याची नजर दाराबाहेर राहिली, ही निवड एका चित्रकाराची आहे, हे विसरता कामा नये. मराठी बोलीतल्या ‘गॅलरी’चा अर्थ येथे अनपेक्षितपणे खरा ठरतो.

या सर्व विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, उद्घाटन ही चित्राची परिसंहिता असून तिचे वाचन साहित्याभ्यासाच्या साधनांनी करता येते; निमंत्रणपत्रिका, अभिप्रायवह्या आणि सूचिपत्रे जपून ठेवणे हे त्यासाठी आवश्यक आहे, आणि रायपूरसारख्या शहरात ते अद्याप पद्धतशीरपणे झालेले दिसत नाही. दुसरी, ‘स्थानिक’ आणि ‘समकालीन’ यांतील सीमारेषा चित्रशैलीने आखली जात नाही. कोणाचे नाव चिठ्ठीवर येते आणि कोणाची कृती भेटवस्तू म्हणून दिली जाते यावरून ती ठरते. तिसरी, या स्थितीत बदल करणे अवघड नाही. पहिले वाक्य चित्रकाराने बोलावे, चित्रे आधी पाहिली जावीत आणि भाषणे मागाहून व्हावीत, दारापाशी छत्तीसगढीत चाललेले बोलणे मंचावर यावे, आणि स्मृतिचिन्हाच्या पट्टीवर ते घडवणाऱ्याचे नाव कोरले जावे. शेवटच्या सूचनेला खर्च नाही. केवळ आयोजकाला ते नाव विचारावे लागेल.

विचारण्याची ही कृती लहान नाही. भवभूतीच्या वीथिकेत सर्वांत चांगली समीक्षक सीता आहे, कारण दाखवणाऱ्याने पुढे नेलेली नजर तिने मागे आणली. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला दालनात काही काम असेल, तर ते हेच.